शेऱ्याचा रकाना

काकूंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि अहवाल पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. मूल्यांकनाचा अहवाल सहसा कुणी असा वाचत नाही. लोक शेवटचं पान उघडतात, रक्कम अंकी आणि अक्षरी एकच आहे ना एवढं बघतात आणि कागद सीएकडे पाठवून देतात. काकूंनी आधीच बजावलं होतं, "माझ्या नावानं जे कागद जाणार त्यातलं मला कळलं पाहिजे." म्हणून त्यांच्यासाठी मी मुद्दाम मराठी प्रत तयार केली होती. त्यांनी मिळकतीचं वर्णन वाचलं, चतुःसीमा वाचल्या, पूर्वेला बोळ आहे तिथं मान हलवली आणि चौथ्या पानावरच्या तक्त्याशी येऊन थांबल्या. १ एप्रिल २००१ च्या आसपास त्या आळीत झालेल्या विक्रीचे पाच दाखले मी तिथं मांडले होते. दस्त क्रमांक, तारीख, क्षेत्रफळ, मोबदला, चौरस फुटाचा दर आणि सगळ्यात शेवटी शेरा. तिसऱ्या ओळीवर त्यांचं बोट गेलं आणि तिथंच राहिलं. त्या ओळीच्या शेऱ्यात मी लिहिलं होतं, 'अडचणीतली विक्री. विचारात घेतलेली नाही.'

"हे तुला कुणी सांगितलं गं?"

सांगितलं कुणीच नव्हतं. बाकीच्या चार व्यवहारांचे दर एकमेकांच्या आसपास होते आणि हा एकटा जेमतेम निम्म्यावर होता. दर एवढा खाली दिसला की आमच्या कामात त्याला एक ठरलेलं नाव आहे, डिस्ट्रेस सेल. माणसाला पैशाची निकड असते, थांबायला वेळ नसतो, गिऱ्हाईक सांगेल त्या भावाला तो विकतो. असा व्यवहार तुलनेला घेत नाहीत. इंग्रजी अहवालात ते दोन शब्द मी शेकडो वेळा लिहिले असतील आणि एकदाही हात अडखळला नाही. या वेळी मराठीत लिहिताना 'अडचणीतली विक्री' असं लिहिलं, आणि पलीकडे बसलेल्या बाईला ते लागलं. काकू शांतपणे म्हणाल्या, "आम्ही कसल्याही अडचणीत नव्हतो. तो दस्त यांनीच करून दिलाय."

माझ्या ते लक्षात यायला हवं होतं. नोंदणी कचेरीतल्या दस्तांच्या सूचीत 'लिहून देणार' म्हणून काकूंच्या यजमानांचं नाव होतं, पण त्या आळीत निम्म्या घरांचं आडनाव तेच. काकूंचा हिस्सा सासूबाईंच्या मृत्युपत्रानं थेट त्यांच्या नावावर आला, त्यामुळे त्यांच्या मिळकत पत्रिकेवर यजमानांचं नाव कधी लागलंच नव्हतं. शिवाय सूचीत त्या मिळकतीला नगरपालिकेचा जुना घरक्रमांक होता, सिटी सर्व्हेचा नव्हता. एकाच वाड्याचे दोन हिस्से माझ्या टेबलावर दोन वेगवेगळे कागद म्हणून पडले होते. एकाचं मूल्य मी काढत होते, आणि त्याच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या दुसऱ्याला मी एका ओळीत बाद करून टाकलं होतं.

गेली काही वर्षं माझ्या कामाचा मोठा भाग या एका तारखेत अडकलेला आहे. घर विकल्यावर भांडवली नफ्यावर कर लागतो, आणि जुन्या घराची किंमत ज्या दिवसाची धरायची ती आधारतारीख २०१७ च्या अर्थसंकल्पात १ एप्रिल १९८१ वरून १ एप्रिल २००१ वर आली. २००१ च्या आधी घेतलेलं किंवा वारशानं आलेलं घर विकायला काढलेला प्रत्येक जण तेव्हापासून एकच प्रश्न घेऊन येतो, त्या वेळी याची किंमत काय होती? २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के कर इंडेक्सेशनशिवाय किंवा वीस टक्के इंडेक्सेशनसह, म्हणजे जुनी किंमत महागाईच्या निर्देशांकानं वाढवून घेऊन, अशी तुलना करायची मुभा मिळाली, पण दोन्ही हिशेब सुरू होतात ते त्याच २००१ च्या आकड्यापासून. २००१-०२ ला १०० धरलेला निर्देशांक २०२५-२६ ला ३७६ आहे. म्हणजे इंडेक्सेशनच्या वाटेनं गेलं तर मी त्या जुन्या किमतीत केलेली एका रुपयाची चूक आजच्या हिशेबात पावणेचार रुपयांची होते. आकडा फुगवला तर सरकारचं नुकसान, दाबला तर एखाद्या म्हातारीचं. दोन्ही मला नको असतं.

ती तारीख रविवारची होती.

हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. एक दिवस सहज जुनं कॅलेंडर बघितलं आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. साऱ्या देशातल्या घरांची किंमत ज्या दिवसाची काढायची, त्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कचेरीला कुलूप. त्या तारखेला नोंदलेला एकही दस्त मला आजवर मिळाला नाही, मिळणारही नाही. जे हाती लागतं ते त्या रविवारच्या अलीकडचं नाहीतर पलीकडचं. त्यामुळे जुन्या लोकांशी बोलताना मी तारीख सांगायचं सोडून दिलं. आदल्या दिवशी, शनिवारी, इंदूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध सचिनच्या एकदिवसीय सामन्यांतल्या १०,००० धावा पूर्ण झाल्या होत्या. "सचिनचे दहा हजार झाले तेव्हा तुमच्या बाजूचं घर कितीला गेलं?" असं विचारलं की लोकांचे डोळे वेगळ्याच दिशेला वळतात. टीव्ही कुठं होता ते आठवतं, मग खोली आठवते, मग शेजारी आठवतो, आणि शेजाऱ्याच्या मागोमाग घराचा भाव येतो. ज्यांना क्रिकेटचं सोयरसुतक नाही त्यांना त्याच वर्षीच्या २६ जानेवारीचा भुजचा भूकंप आठवतो. काहींना मार्चमध्ये कोसळलेला शेअर बाजार आठवतो. घर घ्यायला निघालेल्या माणसाच्या मनात तेव्हा हे सगळं होतं, आणि त्या दिवशीचा भाव काढायचा तर मलाही तेवढंच मनात ठेवता आलं पाहिजे. त्याहून जास्त काही नाही.

हे 'जास्त काही नाही' फार कठीण असतं. मागच्या तारखेचं मूल्यांकन करताना जुनं शोधण्यापेक्षा पुढचं विसरायला जास्त कष्ट पडतात. मी त्या आळीत उभी राहते तेव्हा मला कोपऱ्यावरची सात मजली इमारत दिसते, तिच्या सावलीत वाड्याचं अर्धं अंगण गेलेलं दिसतं, आणि त्या जमिनीला आज कोण किती मोजायला तयार आहे तेही माझ्या कानावर आलेलं असतं. २००१ सालच्या गिऱ्हाइकाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्या काळी आपल्या राज्यात नागरी जमीन कमाल धारणा कायदा अजून लागू होता. केंद्रानं तो १९९९ मध्ये रद्द केला तरी महाराष्ट्रात तो जायला २००७ उजाडलं. शहरातल्या मोकळ्या जागेकडे बघताना त्या माणसाला आधी त्या कायद्याची धास्ती वाटायची. ती धास्ती त्याच्या भावात उतरलेली होती. पुढं काय होणार हे माहीत असल्याचा फायदा मी त्याला दिला, तर ती किंमत त्या दिवसाची राहत नाही. म्हणून १ एप्रिलनंतरचे व्यवहार मी बघते, पण फक्त ताळा जमतो का ते पाहण्यापुरते. भार टाकते तो आधीच्या व्यवहारांवर. सगळेच मूल्यांकनकार असं करत नाहीत, मला मात्र दुसरं प्रामाणिक वाटत नाही.

आणि ते आधीचे व्यवहार मिळतात कुठं? आमच्या भागाच्या नोंदी संगणकावर दिसतात त्या २००२ पासूनच्या. घरात बसून, बटण दाबून, गाव आणि मिळकत क्रमांक टाकून २००२ चा दस्त दिसतो, आणि मला हवं असलेलं वर्ष नेमकं त्याच्या एक पायरी खाली, अंधारात राहिलेलं. तिथं पायानं जावं लागतं. अर्ज, शोध फी, शिक्का, आणि मग सूची क्रमांक दोनचे, म्हणजे मिळकतवार दस्तांच्या सूचीचे, गठ्ठे. कायद्यानं ही पुस्तकं कुणालाही उघडून बघता येतात. नोंदणी कायद्याचं सत्तावन्नावं कलम तेवढ्यासाठीच आहे. तरी त्या खोलीत शिरताना मला प्रत्येक वेळी परक्याच्या माजघरात पाऊल टाकल्यासारखं वाटतं. कागदाला जुनाट, किंचित आंबूस वास असतो. गठ्ठ्याची सुतळी सोडली की बोटांना करडी भुकटी लागते, ती वाळवीची की कागदाची ते कळत नाही. निळ्या शाईचं अक्षर पानागणिक बदलतं. एका कारकुनाचा पाच आणि सहा सारखाच, दुसरा शून्य एवढं बारीक काढतो की ते टिंब वाटावं. एका शून्यानं दर दसपट होतो, म्हणून अक्षरी रक्कम शोधायची आणि ती नसली की मुद्रांकाच्या रकमेवरून उलटा हिशेब लावायचा. दुपारी तीन वाजेपर्यंत मान धरते. पण त्या पानांची एक सवय लागते हे खरं. मिळकतीचं वर्णन वाचता वाचता आळी उभी राहायला लागते. पूर्वेस बोळ, दक्षिणेस विहीर, पश्चिमेस अमक्याची भिंत. त्यातली विहीर आता बुजलेली असते, पण पानावर तिला अजून पाणी आहे.

सूची दोनचे रकाने मला तोंडपाठ आहेत. विलेखाचा प्रकार, मोबदला, बाजारभाव, भूमापन क्रमांक, क्षेत्रफळ, आकारणी किंवा जुडी असेल तर ती, लिहून देणार, लिहून घेणार, दस्त करून दिल्याची तारीख, नोंदल्याची तारीख, मुद्रांक, नोंदणी फी, आणि अगदी शेवटी शेरा. या प्रत्येक रकान्यात फसायला जागा आहे. करून दिल्याची आणि नोंदल्याची तारीख यांत चार महिन्यांपर्यंतचं अंतर कायद्याला चालतं, त्यामुळे जुलैमध्ये नोंदलेला दस्त मार्चमधला असू शकतो. त्याच्याही आधी साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, झालेलं असतं आणि भाव ठरलेला असतो तो त्या साठेखताच्या वेळी. म्हणजे २००१ चा म्हणून जो दर आपण उचलतो तो खरं तर दीड वर्षापूर्वी कुणाच्या तरी ओट्यावर ठरलेला. क्षेत्रफळ कुठं चौरस मीटरमध्ये, कुठं फुटात, कुठं गुंठ्यात. बांधीव म्हणजे जिन्यासकट की जिन्याशिवाय, ते मूळ दस्ताची नक्कल काढल्याशिवाय कळत नाही. भावानं भावाला विकलेलं घर खरेदीखत म्हणूनच नोंदलेलं असतं. मोबदला लिहिलेला असतो, पण तो भाव नसतो, ती वाटणी असते.

आणि मोबदल्याच्या रकान्याबद्दल काय बोलावं. त्या काळात कागदावर किती दाखवायचे आणि वर किती द्यायचे, याची बोलणी भावाच्या बोलण्यांइतकीच रंगायची. मोठ्यांच्या तोंडून आम्ही ते लहानपणापासून ऐकत आलो. रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरांचा तक्ता, आल्यानंतर मुद्रांक मोबदला आणि तक्त्याचा बाजारभाव यांपैकी जास्त असेल त्या रकमेवर भरावा लागायला लागला, म्हणून पुष्कळ दस्तांत मोबदला रेकनरच्या बाजारभावाला चिकटून ठेवलेला दिसतो. तो आकडा विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं ठरवलेला नसून तक्त्यातून उतरवून घेतलेला असतो. माझ्या कपाटात २००१ सालच्या रेकनरची एक प्रत आहे. कडा पिवळ्या पडल्यात, मधली चार पानं सुटली आहेत, आणि आमच्या गावातले आणखी तिघे मूल्यांकनकार ती आळीपाळीनं नेत असतात. २०२० पासून नियम असा झाला, की जमीन किंवा इमारत यांचं २००१ चं मुद्रांकमूल्य, म्हणजे मुद्रांकासाठी धरलेली सरकारी किंमत, उपलब्ध असेल तर आपला आकडा त्याच्या वर जाता कामा नये. छत ठरून गेलं. लोक मला विचारतात, मग विक्रीचे दाखले कशाला शोधत बसता? छताखाली नेमकं कुठं उभं राहायचं ते रेकनर सांगत नाही, म्हणून. रेकनरला भिंतीची ओल दिसत नाही. बोळातून गाडी आत जाते की नाही हे त्याला ठाऊक नसतं. त्या विशिष्ट घरासाठी त्या विशिष्ट वर्षी कुणी काय मोजलं असतं, याचा थोडाफार पुरावा आहे तो त्या सुतळी बांधलेल्या गठ्ठ्यांतच.

भूसंपादनाच्या खटल्यांत एके काळी या पुराव्याची वेगळीच कदर होती. १८९४ च्या कायद्याखाली जमीन गेली की चौथ्या कलमाच्या अधिसूचनेच्या दिवसाची किंमत काढायची, म्हणजे तेही मागच्याच तारखेचं मूल्यांकन. शेतकऱ्याचा वकील शेजारच्या जमिनीचा दस्त दाखवायचा. पण दस्त नुसता दाखवून भागायचं नाही, तो व्यवहार ज्यानं केला त्याला, घेणाऱ्याला नाहीतर देणाऱ्याला, साक्षीला उभं करावं लागायचं. का विकलीस, कुणाला विकलीस, नात्यातला आहे का, पैसे खरंच मिळाले का? १९८४ च्या दुरुस्तीत कलम ५१अ आलं आणि नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित नक्कलही पुरावा म्हणून घेता येऊ लागली. ते बरंच झालं. तीस वर्षांपूर्वीचा विकणारा शोधायला एखादा गरीब माणूस कुठं कुठं हिंडणार, आणि तो जिवंत तरी असेल का? पण ते जुने निवाडे वाचताना मला त्या साक्षींचा हेवा वाटतो. 'मुलीच्या लग्नासाठी विकली', 'बांध एक होता म्हणून जास्त दिले', 'विहिरीत माझाही हिस्सा होता'. अशी एकेक ओळ आहे त्यांत, आणि त्या ओळीशेजारचा दर वाचताना तो नुसता दर राहत नाही. सूची दोनमधला शेऱ्याचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा असतो. मी पानंच्या पानं उलटली आहेत, त्यात कुणी काही लिहिलेलं क्वचित सापडतं.

तो कोरा रकाना माझ्या तक्त्यात येतो तेव्हा मी भरते. हे त्या दिवशी काकूंच्या बोटाकडे बघताना कळलं. शेरा ना कारकुनाचा होता, ना लिहून देणाराचा. तो माझा होता, आणि चोवीस वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टीबद्दल मी तो टेबलाशी बसून लिहिला होता.

एक गोष्ट तर मला पानावर दिसलीही होती. इतर चारही मोबदले गोल रकमांचे होते, हजारांत संपणारे. या एकाच्या शेवटी तीनशे सत्तेचाळीस रुपये होते. घर विकताना शेवटी तीनशे सत्तेचाळीस कोण लावतं? मी क्षणभर थांबले होते, वहीत त्या आकड्याखाली रेघ ओढली होती, आणि कचेरी बंद व्हायची वेळ झाली म्हणून पुढच्या पानावर गेले होते. ती रेघ अजून माझ्या वहीत आहे.

"ते मास्तरांच्या फंडाचे पैसे," काकू म्हणाल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं, घाई न करता, मधेच उठून खिडकी लावून येत. वाड्याच्या त्या हिस्स्यात एक शाळामास्तर एकतीस वर्षं भाड्यानं राहत होते. भाडं इतकं जुनं की ते द्यायला मास्तरांना आणि घ्यायला काकूंच्या यजमानांना दोघांनाही संकोच वाटायचा, म्हणून ते काकूंच्या हातात दिलं जायचं. गुजरातेत भूकंप झाला आणि त्याची छायाचित्रं पेपरात यायला लागली, तेव्हा मास्तरांची झोप उडाली. किल्लारीचा भूकंप होऊन आठ वर्षंही झाली नव्हती. दगडमातीच्या भिंती झोपेत अंगावर पडल्या की काय होतं ते या राज्यानं पाहिलं होतं, आणि मास्तरांच्या डोक्याशी तशीच भिंत होती, दीड हात जाडीची, आत मातीनं भरलेली. ते येऊन म्हणाले, भिंत मी माझ्या खर्चानं बांधून घेतो, तुमची परवानगी हवी. यजमान म्हणाले, दुसऱ्याच्या घरावर म्हातारपणची पुंजी कशाला घालता, घरच घेऊन टाका. मास्तर म्हणाले, माझ्याकडे फंडाचे आलेत तेवढेच आहेत. व्याजासकट जो आकडा होता तोच मग भाव ठरला. फेब्रुवारी संपायच्या आत दस्त झाला. मुद्रांकाचे पैसे काकूंच्या घरानं घातले, कारण मास्तरांकडे मग काही उरलंच नव्हतं.

"खुशीनं कमी घेतले यांनी," काकू म्हणाल्या. "अडचणीतली म्हणे."

मला तो तक्ता परत डोळ्यांसमोर आला. चार गोल रकमा, ज्यांतली एकही शेवटच्या रुपयापर्यंत खरी असेल याची खात्री मी देऊ शकत नाही, आणि त्यांच्यावर माझं सगळं मूल्यांकन उभं. पाचवा आकडा मात्र रुपयापर्यंत खरा. लिहिलं तेवढंच दिलं, दिलं तेवढंच लिहिलं. त्याला मी बाहेर काढलं होतं. कामाच्या दृष्टीनं त्यात चूक नव्हती, आजही मी तो तुलनेला घेणार नाही. आत भाडेकरू असलेलं घर त्याच भाडेकरूला विकलं तर तो दर मोकळ्या घराचा दर म्हणून धरता येत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. उत्तर तेच राहत होतं. अहवालातला शेवटचा आकडा एका रुपयानंही बदलत नव्हता. तरी मला त्या खुर्चीत नीट बसवेना. एखाद्या घरानं केलेल्या चांगल्या गोष्टीला मी अडचण म्हटलं होतं, सहीशिक्क्यासकट, आणि तो कागद सरकारदरबारी जाऊन कायमचा राहणार होता.

निघताना काकू म्हणाल्या, चल, मास्तरीणबाईंना भेटून जा, त्यांना आवडेल. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली. बाई पलीकडच्या हिस्स्यात एकट्या राहतात. डोक्याशी असलेली ती भिंत आता विटांची आहे, पण चुन्याची सफेदी जुन्या भागापेक्षा तिथं जरा वेगळी दिसते, आणि बोटानं वाजवली तर आवाज निराळा येतो. बाईंनी ती मला स्वतः वाजवून दाखवली. मी काय काम करते ते काकूंनी त्यांना समजावलं आणि ओघात म्हणून गेल्या, "यांनी कमी घेतले ना, तेच हिला सांगत होते." बाई पलंगावर टेकल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला.

"कमी कुठं?" त्या म्हणाल्या. "होते तेवढे सगळे दिले. दादा म्हणत होते, वरचे तीनशे राहू देत. हे ऐकेनात. म्हणाले, घर घेतोय, पूर्ण पैसे देऊन घेतोय."

काकू काही बोलल्या नाहीत. दोघी शेजारणी, पन्नासहून जास्त वर्षांच्या, एकाच दस्ताच्या दोन बाजूंना बसल्या होत्या, आणि बाहेर बोळात कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. मला दोघींचंही खरं वाटलं. लिहून देणाराच्या घरात ती गोष्ट कमी घेतल्याची होती, लिहून घेणाराच्या घरात पूर्ण दिल्याची. दोन्ही घरांत ती चोवीस वर्षं तशीच जपून ठेवली होती, आणि बहुधा मी तो कागद घेऊन आले नसते तर ती या दोघींत कधी मोठ्यानं बोललीही गेली नसती. काकूंचा हिस्सा आता विकला जाणार. बाईंच्या भिंतीला लागून नवं काम सुरू होईल तेव्हा पाया किती खोल जाईल, या भिंतीला काही होणार नाही ना, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. मी इंजिनियर म्हणून जे सांगता येतं ते सांगितलं, आणि काम सुरू व्हायच्या आधी भिंतीचे फोटो तारखेसह काढून ठेवा म्हणाले. फोटो मीच काढून देईन असंही कबूल केलं.

रात्री चौथं पान पुन्हा उघडलं. 'अडचणीतली विक्री' खोडलं, मराठी प्रतीतूनही आणि मूळ इंग्रजीतूनही. त्या जागी काय लिहावं यात बराच वेळ गेला. काकूंना 'खुशीनं' हा शब्द हवा होता. मूल्यांकनाच्या भाषेत तो बसत नाही, आणि बसला असता तरी पलीकडच्या भिंतीआड एक माणूस होता, ज्यानं पूर्ण पैसे दिले होते. त्याच्या व्यवहारावर मी 'खुशीनं कमी' असा शिक्का कसा मारू? शेवटी लिहिलं, 'लिहून घेणार हे याच मिळकतीत ३१ वर्षं भाडेकरू होते. मोबदला उभयतांच्या संमतीने ठरलेला. दर तुलनेसाठी घेतलेला नाही.' उरलेल्या चार ओळींचे शेरे वाचले. दोन ठिकाणी 'तुलनायोग्य' एवढंच होतं. तिथं कोण होतं, कुणी कुणाला का विकलं, यातलं मला काही माहीत नव्हतं, आणि त्यांतली तीन घरं अजून उभी आहेत, दहा मिनिटांच्या अंतरावर. पुढचे दोन दिवस मी त्या तीन दारांशी गेले. एका ठिकाणी दार उघडलं गेलं नाही. दुसऱ्या ठिकाणी मुलाला काही ठाऊक नव्हतं, त्यानं पुण्याला बहिणीला फोन लावून दिला आणि तिनं साठेखताची तारीख सांगितली, मी धरली होती त्याच्या चौदा महिने आधीची. तो दर मला दुरुस्त करावा लागला. तिसऱ्या घरातल्या आजोबांनी सचिनचं नाव काढताच टीव्ही कुठं होता ते दाखवलं आणि मग वर किती दिले होते ते, आवाज खाली आणून, सांगितलं. ते मी कुठंही लिहिलेलं नाही.

नवी प्रत घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. चौथ्या पानावर आल्या, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, ओठ हलवत शेरा वाचला.

"एवढंच?"

"एवढंच, काकू."

त्यांनी ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग चष्मा न काढता उठल्या, पायात चपला अडकवल्या आणि अहवाल तसाच उघडा धरून मास्तरीणबाईंना वाचून दाखवायला पलीकडे गेल्या.